प्रश्न: यशया ९ मध्ये "पाहिला आहे" असं का लिहिलंय? पप्पांशिवायचा पहिला नाताळ

नगरची_थोरली
९ डिसेंबर, रात्री ११:५२

सर्वांना सलाम. बरेच महिने इथे नुसती वाचत असते, लिहितेय पहिल्यांदाच, त्यामुळे लांबलं तर समजून घ्या.

आमचे पप्पा ऑगस्टमध्ये गेले. साधा ताप म्हणून ॲडमिट केलं होतं, दोन दिवसांत सोडतो म्हणाले होते, आणि सातव्या दिवशी आम्ही त्यांना घरी आणलं ते तसंच. त्यात आता शिरत नाही.

सांगायचंय ते नाताळचं. आमच्या घरी नाताळ म्हणजे पप्पा. नोव्हेंबर संपत आला की बांबूच्या कामट्या तासायला बसायचे, मम्मीकडून मैद्याची खळ करून घ्यायचे, पतंगाचा लाल-पांढरा कागद, आत बल्ब, आणि १ डिसेंबरला तारा गच्चीवर चढलाच पाहिजे. बाजारात एलईडीवाले तयार तारे किती आले तरी त्यांनी कधी आणला नाही. २४ च्या रात्री कॅरोलवाली पोरं चहा-करंज्या खाऊन पुढच्या घरी गेली की मग आमची घरची प्रार्थना, आणि तिथे पप्पा दरवर्षी बायबलच्या जुन्या करारातला एकच उतारा वाचायचे, यशया संदेष्ट्याचा, अध्याय ९, वचन १ ते ७. लूकचा दुसरा अध्याय, येशूच्या जन्माचा, चर्चमध्ये सगळेच ऐकतात, हा आपल्या घरचा, असं म्हणायचे. का आपल्या घरचा ते मी कधी विचारलं नाही, आता विचारता येत नाही.

ह्या वर्षी तारा केलेला नाही. कुणी विषयही काढला नाही. मम्मी परवा भाजी निवडता निवडता एवढंच म्हणाली की २४ ला उतारा तू वाच, तू थोरली आहेस. मी हो म्हटलं.

काल रात्री सराव म्हणून मोठ्याने वाचायला घेतलं आणि दुसऱ्याच वचनाला आवाज फुटेना. "अंधकारात चालणाऱ्या लोकांनी मोठा प्रकाश पाहिला आहे." पाहिला आहे. पाहतील नाही, पाहिला आहे. सहाव्यातही तेच, बाळ जन्मला आहे, पुत्र दिला आहे. अहो पण यशया तर येशूच्या सातशे वर्षं आधीचा ना? तेव्हा कुठे काय पाहिलं होतं कुणी? आणि ज्या लोकांना त्याने हे सांगितलं ते सगळे काही न पाहताच मरून गेले असतील, मग त्यांना ह्या वचनातून मिळालं काय?

आणि माझं म्हणाल तर मला आत्ता काहीही दिसत नाहीये. मम्मीसमोर, भावाच्या पोरांसमोर बसून "पाहिला आहे" म्हणायचं म्हणजे मला खोटं बोलल्यासारखं वाटतंय.

एक विनंती, विश्वास वाढव, रडू नको, ते चांगल्या जागी आहेत, हे कृपया लिहू नका. ते सगळं मंडळीत ऐकून झालंय, लोक प्रेमानेच बोलतात मला माहितीये. मला खरंच त्या शब्दांचं उत्तर हवंय.


वसईची_मावशी
१० डिसेंबर, सकाळी ७:१५

बाळा, वाचून पोटात कालवलं. तू सांगितलेलं काहीच लिहीत नाही.

फक्त एक गोष्ट कळवते. आमच्याकडे कॅथलिकांत नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेला पहिलं वाचन हेच असतं, यशया ९, अगदी हाच उतारा. फक्त आमच्या बायबलमध्ये तो ९:१ पासून सुरू होतो कारण वचनांचे आकडे हिब्रूप्रमाणे एकाने मागे आहेत, तुमचं दुसरं ते आमचं पहिलं. म्हणजे २४ च्या रात्री तू घरात वाचशील तेव्हा इकडे वसईत गावोगावच्या चर्चमध्ये, गोव्यात, मुंबईत, कुठे कुठे तेच शब्द कुणीतरी वाचत असणार. माझे मालक गेले त्या वर्षी मी मिस्सेला गेले पण मला काही ऐकू येत नव्हतं, शेजारची बाई जे म्हणत होती त्याच्या मागे मागे मी नुसते ओठ हलवत होते. त्या रात्री माझ्या वाटचं मंडळी म्हणाली असं मी धरते. तू एकटीने ते वचन पेलायचं नाहीये गं.


निवृत्त_पाळक_जालना
१० डिसेंबर, दुपारी ३:४०

बेटा, सलाम. तुझा प्रश्न चांगला आहे, आणि तू तो शब्दावर बोट ठेवून विचारलास म्हणून मीही शब्दावर बोट ठेवूनच लिहितो. मोबाइलवर टाइप करतोय, चुका होतील.

सगळ्यात आधी, तुझे पप्पा वचन १ पासून वाचायचे हे वाचून मी थांबलोच. आम्ही पाळक लोक नाताळात बहुतेक दुसऱ्यापासून नाहीतर सरळ सहाव्यापासून सुरू करतो. पहिल्या वचनात मुलखांची नावं आहेत, जबुलून, नफताली (इस्राएलच्या वंशांचे उत्तरेतले मुलूख), यार्देनेच्या पलीकडचा प्रदेश, राष्ट्रांचा गालील. ती नावं लोकांना कंटाळवाणी वाटतात म्हणून गाळतात. पण अख्ख्या उताऱ्याची किल्ली तिथेच आहे.

काय झालं होतं ते बघ. इ.स.पू. ७३४ च्या आसपासची गोष्ट. यरुशलेमेत दक्षिणेच्या यहूदा राज्याचा राजा आहाज. उत्तरेकडच्या इस्राएल राज्याचा राजा पेकह आणि दिमिष्काचा (दमास्कसचा) रसीन हे दोघे एक होऊन त्याच्यावर चालून आले. यशया ७ मध्ये लिहिलंय की राजाचं आणि लोकांचं काळीज वाऱ्याने रानातली झाडं हलावीत तसं कापलं. आहाज वरच्या तळ्याच्या कालव्याशी, परिटाच्या शेताच्या रस्त्यावर उभा होता, बहुतेक वेढा पडला तर पाणी पुरेल का हे बघायला गेला असावा, तिथे यशया त्याला आपल्या पोराला घेऊन भेटला आणि म्हणाला भिऊ नको. इम्मानुएल नावाचा मुलगा जन्मेल, हे वचन तिथलं. आहाजाने ऐकलं नाही. त्याने मंदिरातलं सोनं-चांदी काढलं आणि अश्शूरच्या राजाला, तिग्लथ-पिलेसरला पाठवलं, मी तुझा दास, मला वाचव म्हणून.

तो आला. आणि उत्तरेतून आला म्हणून पहिला घाव कुणावर पडला, तर गालीलावर. २ राजे १५:२९ काढून बघ, एकच वचन आहे पण त्यात गावंच्या गावं आहेत, इयोन, केदेश, हासोर, गिलाद, गालील, नफतालीचा सगळा देश, आणि शेवटी लोकांना धरून अश्शूरला नेलं. हासोरला गेल्या शतकात उत्खनन झालं तेव्हा त्या काळच्या विध्वंसाचा जळका थर सापडला. इस्राएलची राजधानी शोमरोन पडली ती आणखी दहा वर्षांनी. म्हणजे सगळ्या इस्राएलात अंधार पहिल्यांदा जिथे उतरला तो हा मुलूख. कुणाचा बाप नेला, कुणाची लेकरं नेली, मागे राहिलेले तसेच बसून राहिले.

यशया त्या मुलखाचं नाव घेतो. यरुशलेमेत बसून सगळ्यांना मिळून गोलमोल आशा देत नाही. जिथे रात्र पहिली झाली तिथे उजाडेलही पहिलं, असं तो जबुलून आणि नफतालीचं नाव घेऊन सांगतो.

आता तुझा काळाचा प्रश्न. हिब्रूत क्रियापदाचं एक पूर्ण रूप असतं आणि एक अपूर्ण. संदेष्टे पुष्कळदा पुढे व्हायची गोष्ट पूर्ण रूपात बोलतात, कारण सांगणारा देव आहे म्हणजे ती त्याच्या बाजूने झालेलीच. हे मला कॉलेजात शिकवलं तेव्हा पाठ झालं, समजलं मात्र घरात. आमची धाकटी पाळण्यात रडायची, माझी बायको स्वयंपाकघरातून ओरडायची, "आले आले, आले गं सोनू!" ती आलेली नसायची. तव्यावर भाकरी असायची, हाताला पीठ असायचं. तरी "येईन" म्हणायची नाही, "आले"च म्हणायची. आणि पोरगी रडायची थांबायची, आई दिसायच्या आधीच, नुसत्या आवाजाने. आपल्या मराठीत आपण सगळेच असं बोलतो की, "आलोच" म्हणतो तेव्हा पायात चप्पलही नसते. त्याला कुणी खोटं म्हणत नाही.

यशयाचं "पाहिला आहे" मी तसं वाचतो. अंधारात बसलेल्या लेकराला आतून दिलेली हाक आहे ती. आणि त्याच उताऱ्यात "सत्ता राहील", "म्हणतील" अशी पुढची रूपंही आहेत, म्हणजे हे सगळं अजून व्हायचंय हे यशयाला पक्कं ठाऊक होतं. तो स्वतः अंधारातच होता. आठव्या अध्यायात, म्हणजे ह्याच्या थोडंच आधी, तो म्हणतो की जो परमेश्वर याकोबाच्या घराण्यापासून तोंड लपवतो त्याची मी वाट पाहीन. तोंड लपवतो असं म्हणतोय बघ. त्यालाही त्या घडीला काही दिसत नव्हतं.

म्हणून बेटा, तुला दिसत असेल तरच तू ते वाचायचं अशी अट त्या वचनात नाही. लिहिणाऱ्यालाही ती अट लागू नव्हती.

दुसऱ्या प्रश्नाचं, त्या लोकांना काय मिळालं ह्याचं उत्तर उद्या लिहितो, डोळे दुखायला लागले.


अलिबागचा_मास्तर
१० डिसेंबर, रात्री ९:०५

पाळकसाहेब, आदर ठेवून विचारतो, वाद घालायचा नाही. ताई, तुमच्या दुःखात मध्येच हा प्रश्न आणतोय त्याबद्दल माफ करा, पण तुम्ही शब्दांचं उत्तर मागितलंत म्हणून धीर करतो.

मी लहानपणी ज्या गल्लीत राहायचो तिथे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या यहुदी लोकांची घरं होती, आमच्या भाषेत शनवार तेली. आता बहुतेक सगळे इस्राएलला गेले. त्यातले एक आजोबा माझ्या वडिलांचे दोस्त, दोघं ओट्यावर बसून पवित्र शास्त्रावर मराठीत तासन् तास बोलायचे, माझ्या बालपणातली सगळ्यात सुंदर आठवण ती. ते आजोबा ठामपणे सांगायचे की यशया ९ मधलं बाळ म्हणजे आहाजाचा मुलगा हिज्कीया. पुढे मी थोडं वाचलं तेव्हा कळलं की यहुदी परंपरेत खरंच हे मत जुनं आहे, मध्ययुगातल्या राशीसारखे मोठे भाष्यकार तसंच सांगतात. आणि मग "जन्मला आहे" हे अगदी सरळ बसतं, कारण हिज्कीया तेव्हा जन्मलेला होता.

तर मग आपण ख्रिस्ती लोक त्यांच्याकडून हे वचन हिसकावून घेतलं असं होत नाही का? मला हे खूप वर्षं टोचतंय. नाताळात हा उतारा ऐकला की मला ते आजोबा दिसतात.


निवृत्त_पाळक_जालना
११ डिसेंबर, सकाळी ११:२०

मास्तर, तुम्ही त्या आजोबांची आठवण जपलीत हे फार चांगलं केलंत, आणि प्रश्न टाळायचा नाहीच. वचन त्यांच्या पूर्वजांनी सांभाळलं म्हणून आपल्यापर्यंत आलं हे आधी मान्य करू. १९४७ साली मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहेत यशयाची गुंडाळी मिळाली, सगळे ६६ अध्याय, सात मीटरपेक्षा लांब, ख्रिस्ताच्या शंभरेक वर्षं आधीची. यहुदी हातांनी नकलून ठेवलेली. त्यात हा नववा अध्याय आहे.

आणि थोरलीच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला इथेच दिसतं. यशया ८:१६ मध्ये आज्ञा आहे की हा साक्षीलेख बांधून ठेव, माझ्या शिष्यांमध्ये मोहोरबंद कर. म्हणजे ज्यांनी ऐकलं त्यांच्या हयातीत सगळं घडणार नाही हे त्यांना कळलं होतं. मग त्यांनी काय केलं, तर ते लिहिलं, बांधलं आणि पोराबाळांच्या हाती दिलं. त्यांनीही पुढच्यांना दिलं. पिढ्यान् पिढ्या काही न पाहता मेलेली माणसं ते वचन पुढे देत गेली. इब्री लोकांस पत्रात ११:१३ ला अशाच माणसांबद्दल म्हटलंय की त्यांनी वचनं दुरून पाहिली आणि त्यांना वंदन केलं. दुरून पाहणं हेही पाहणंच, बेटा. तुझे पप्पा दरवर्षी २४ ला घरात बसून हेच करत होते असं मला वाटतं, आणि "आपल्या घरचा उतारा" म्हणत होते ते म्हणूनच असेल का, हे तू मनाशी विचार, मी त्यांना ओळखत नव्हतो, मी कसं सांगू.

आता हिज्कीया. यशयासमोर तो होता ह्यात मला अडचण वाटत नाही. आहाजासारख्या बापाच्या पोटी असा मुलगा, लोकांना नक्कीच उजाडल्यासारखं वाटलं असेल. पण वचन त्याच्या अंगाला मोठं होतं. शांतीला अंत राहणार नाही असं म्हटलंय, आणि हिज्कीयाच्या काळातच इ.स.पू. ७०१ ला अश्शूरचा राजा सन्हेरीब आला, त्याने स्वतःच्या शिलालेखात यहूदाची ४६ तटबंदीची नगरं घेतल्याचं लिहून ठेवलंय. यरुशलेम वाचलं, पण हिज्कीयाचा मुलगा मनश्शे पुन्हा आहाजाच्या वाटेने गेला, आणि पुढे ५८६ ला यरुशलेमही पडलं. राजा चांगला होता, पण वचन त्याच्यात मावलं नाही, ते उरलं. त्या उरलेल्या वचनाची इस्राएल वाट पाहत राहिलं आणि आपण म्हणतो ते येशूत येऊन टेकलं. तुमचे आजोबा म्हणतील अजून टेकायचंय. ह्यावर ओट्यावर बसून बोलावं, भांडू नये, तुमच्या वडिलांनी केलं तसं.

नव्या करारात मत्तयाने आपल्या शुभवर्तमानात काय केलं तेही बघा. त्याने हा उतारा गोठ्याच्या गोष्टीला जोडलेला नाही. चौथ्या अध्यायात, बाप्तिस्मा करणारा योहान तुरुंगात पडला, येशू नासरेथ सोडून कफर्णहूमला जाऊन राहिला, समुद्रकिनारी, जबुलून आणि नफतालीच्या हद्दीत, तिथे जोडलाय. जिथून लोकांना धरून नेलं होतं त्याच मुलखात तो घर करून राहिला. आणि यशयात पहिले लोक "चालणारे" आहेत, मत्तयात ते "बसलेले" आहेत. सातशे वर्षांत चालणारेही बसले असतील थकून, हा माझा विचार, शास्त्रार्थ म्हणून घेऊ नका. पण प्रकाश बसलेल्यांवर पडला, उठून उभे राहा असं आधी कुणी त्यांना सांगितलं नाही.


नाइट_ड्युटी
१२ डिसेंबर, पहाटे ४:३०

ताई, मी नर्स आहे, १९ वर्षं झाली, आत्ता वॉर्डमध्ये जरा शांतता आहे म्हणून लिहिते. तुमच्या पप्पांचं वाचून आम्हा लोकांबद्दल मनात काय येत असेल ते कळतं. मी काही बाजू घेत नाही. ज्या रात्री पेशंट जातो त्या रात्री घरी जाऊन मलाही जेवण जात नाही एवढंच सांगते.

मी पाळकसाहेबांइतकं शिकलेली नाही पण दोन गोष्टी बायबल वाचताना सापडल्या त्या तुम्हाला द्याव्यात असं वाटलं.

एक म्हणजे "मृत्युच्छाया". यशया ९:२ च्या दुसऱ्या अर्ध्यात आहे, मृत्युच्छायेच्या प्रदेशात बसणाऱ्यांवर प्रकाश पडला आहे. हाच शब्द स्तोत्र २३ मध्ये आहे, मृत्युच्छायेच्या दरीतूनही मी जात असलो तरी. मी एकदा आमच्या पाळकांना विचारलं तर ते म्हणाले मूळ हिब्रूतही दोन्हीकडे शब्द एकच आहे. तुमच्या पप्पांच्या दफनविधीला स्तोत्र २३ वाचलंच असेल, आपल्यात वाचतातच. म्हणजे ऑगस्टमध्ये तुम्ही कबरस्तानात जो शब्द ऐकलात तोच शब्द २४ ला तुमच्या हातात येणार आहे. नाताळचा उतारा आणि मातीचा उतारा मी वेगवेगळे समजायचे, तसे ते नाहीत. स्तोत्रात पुढे काय आहे, "कारण तू माझ्याबरोबर आहेस". आणि इम्मानुएलचा अर्थ आम्हांबरोबर देव. मी वॉर्डमध्ये कुणाचा हात धरून बसते ना, तेव्हा मला बोलायला काही सुचत नाही, मी एवढंच मनात म्हणते, बरोबर आहेस, बरोबर आहेस.

दुसरी गोष्ट हन्ना. लूक २:३६. बाळ येशूला मंदिरात आणलं तेव्हा तिथे असलेली म्हातारी. सगळे तिथल्या शिमोन नावाच्या म्हाताऱ्याबद्दल बोलतात, तिच्याबद्दल कमी बोलतात. लग्नानंतर सात वर्षं नवऱ्याबरोबर राहिली आणि मग विधवा, ८४ वर्षांचा आकडा आहे तिथे, रात्रंदिवस मंदिरात. म्हणजे तीही नाइट ड्युटीवालीच. पण लूकने तिचं कूळ लिहून ठेवलंय, आशेर वंशातली. आशेर कुठला? गालीलाकडचाच, नफतालीच्या शेजारचा. ज्या उत्तरेच्या लोकांना अश्शूरने नेलं आणि जे संपले असं सगळे धरून चालले होते त्यातली एक बाई सातशे वर्षांनी यरुशलेमेत उभी आहे आणि बाळाला पाहतेय.

मला वाटायचं ती तिथे आली कशी. मग २ इतिहास ३० मध्ये सापडलं, आणि मास्तरांचा हिज्कीया इथे येतो बघा. हिज्कीया राजा झाल्यावर त्याने उत्तरेतल्या उरलेल्या लोकांकडे जासूद पाठवले, वल्हांडण सणाला या म्हणून. बहुतेकांनी जासुदांची थट्टा केली. पण लिहिलंय की आशेर, मनश्शे आणि जबुलून ह्यांतले काही जण नम्र होऊन यरुशलेमेस आले. काही जण. हन्नाचे खापर-खापरपणजोबा त्यातले असतील का? असं कुठे लिहिलेलं नाही, हे माझ्या मनाचं. पण हिज्कीया ते बाळ नसला तरी त्या बाळाला पाहणारीच्या घराण्याला त्याने वाट उघडून दिली असेल, असं मी धरलंय.

तुम्ही म्हणालात ना मला काही दिसत नाहीये. हन्नाला तरुणपणी विधवा झाल्यावर किती वर्षं काही दिसलं नसेल. लूक तिला नावं ठेवत नाही. ती तिथून हलली नाही एवढंच लिहितो.

बेल वाजली, जाते.


अलिबागचा_मास्तर
१२ डिसेंबर, सकाळी ८:५०

नाइट_ड्युटी ताई, हे मी कधीच जोडलं नव्हतं. आज ते आजोबा असते तर त्यांना फोन करून वाचून दाखवलं असतं. आणि पाळकसाहेब, "वचन त्याच्यात मावलं नाही, ते उरलं" हे वहीत लिहून घेतलं.

थोरली ताई, एक सुचवू का, पटलं तर बघा. आमच्याकडे आई गेली त्या वर्षी आम्ही उतारा वाटून वाचला, एकाने एक वचन, पोरांनीसुद्धा. ज्याला जे जमेना ते शेजारच्याने म्हटलं.


नगरची_थोरली
२५ डिसेंबर, संध्याकाळी ६:१०

सर्वांना नाताळच्या शुभेच्छा. मध्ये उत्तर दिलं नाही कारण काय लिहावं कळत नव्हतं, पण सगळं कितीतरी वेळा वाचलं, नाइट_ड्युटी ताईंचं तर मम्मीला वाचून दाखवलं. मम्मी हन्नाच्या ठिकाणी बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली माझंही लग्नाचं ह्या जानेवारीत चाळिसावं लागलं असतं, आणि उठून आत गेली.

पाळकसाहेब, "आलोच" बद्दल. तुम्हाला माहीत नसताना तुम्ही ते लिहिलंत. पप्पा रिक्षा चालवायचे. रात्री उशीर झाला की मम्मी फोन करायची आणि ते कुठेही असले तरी, माळीवाड्यात असो की एमआयडीसीत, "आलोच" म्हणायचे. मम्मी लगेच गॅस पेटवायची. यायला कधी अर्धा तास, कधी तास लागायचा, आमटी पुन्हा गरम करावी लागायची, पण ती फोन ठेवल्या ठेवल्याच पेटवायची. हे मी इतकी वर्षं पाहिलं आणि मला त्या वचनात ते दिसलं नव्हतं.

२२ ला भावाचा धाकटा म्हणाला आत्या, तारा कधी करायचा. कुणी काही बोललं नाही. मग भावाने माळ्यावरून कामट्यांची मोळी काढली, पप्पांनी जूनमध्येच तासून सुतळीने बांधून ठेवली होती. आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. दर वर्षी नोव्हेंबरात करायचे, ह्या वर्षी जूनमध्ये का करून ठेवलं असेल? आम्ही दोघं भाऊ-बहीण त्या मोळीकडे बघत माळ्याच्या शिडीवर कितीतरी वेळ तसेच. खळ मी केली, पातळ झाली, कागद दोन ठिकाणी सुटलाय, एक टोकही जरा वाकडं आहे. २३ च्या संध्याकाळी गच्चीवर चढवला.

काल मास्तरांनी सांगितलं तसं वाटून वाचलं. पहिलं वचन मम्मीने घेतलं, मुलखांच्या नावांचं, ती म्हणाली हे मला द्या. दुसरं माझ्याकडे आलं. "पाहिला आहे" पर्यंत आले आणि आवाज गेला, तेव्हा मोठ्या भाच्याने पुस्तकात डोकावून माझ्याबरोबर म्हणायला सुरुवात केली, आणि मृत्युच्छायेच्या शब्दाला मम्मीही म्हणायला लागली, तिला पाठ आहे. सहावं धाकट्याने वाचलं, "अद्भुत मंत्री" ला अडखळला, पुन्हा पहिल्यापासून वाचलं त्याने.

मला काल फार काही दिसलं असं नाही म्हणणार, इथे खोटं लिहायचं नाही. पण वाचताना खोटं बोलतेय असं वाटलं नाही.

वसईच्या मावशी, बारा वाजता तुमची आठवण काढली.

तारा पप्पा १ जानेवारीला उतरवायचे. मम्मी म्हणाली ह्या वर्षी राहू दे अजून काही दिवस. आणि पुढच्या वर्षी खळ ती करणार आहे, माझ्या हाताला जमत नाही म्हणाली.